‘एक नाही’ : योसेफाच्या भावांच्या स्मृतीविषयी

प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या सप्ताहातील शुक्रवारी आपल्या वेदीवरून उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायाचे वाचन होते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन वाचनक्रमाने त्या दिवसासाठी या अध्यायातील निवडक वचने नेमून दिली आहेत. पित्याचे पक्षपाती प्रेम, दोथानची वाट, खड्डा, व्यापाऱ्यांचा तांडा आणि चांदीच्या वीस तुकड्यांचा सौदा एवढे ऐकवून अठ्ठाविसाव्या वचनाच्या पूर्वार्धाशी वाचन थांबते. त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा दाखला असल्यामुळे या निवडीमागील हेतू उघड आहे. पित्याने पाठविलेला प्रिय पुत्र आणि त्याच्यावर उठलेले हात यांचे साम्य श्रोत्यांच्या मनावर ठसावे, हा तो हेतू. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढील पाच वचने गळल्यामुळे बोकडाच्या रक्तात बुडविलेला पायघोळ झगा आपल्या मंडळींच्या कानावर येत नाही. त्यांना भावांचा अपराध ऐकू येतो. त्या अपराधावर पांघरलेले असत्य ऐकू येत नाही. आणि माझ्या मते उत्पत्तीच्या शेवटच्या चौदा अध्यायांचे कथानक अपराधापेक्षा त्या असत्यावरच अधिक उभे आहे.

असत्याचा विचार आपण सामान्यतः फसविल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने करतो. त्याचे काय नुकसान झाले, भरपाई कशी व्हावी, हे नीतिशास्त्राचे नेहमीचे प्रश्न होत. फसविणाऱ्याच्या स्मृतीचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. योसेफकथेचा लेखक तो विचारतो, आणि घाईने उत्तर देत नाही. योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. त्यानंतर सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे धरली, तर भावांना त्याची ओळख पटली तेव्हा त्या दिवसाला सुमारे बावीस वर्षे लोटली होती. एवढ्या काळात दहा माणसांच्या मनात एका दुपारची आठवण कशी राहिली, किंवा कशी राहिली नाही, हे पाहण्यासाठी आपण मजकुराच्या अगदी जवळ जाऊ.

प्रथम त्या दुपारचेच वर्णन पाहावे. लेखक विलक्षण मितभाषी आहे. भाऊ योसेफाचा झगा उतरवितात, त्याला खड्ड्यात टाकतात, खड्डा कोरडा होता एवढे आपल्याला कळते, आणि लगेच ते भाकर खावयास बसतात. योसेफ काय म्हणाला? एक अक्षरही नाही. खड्ड्यातून आवाज आला की नाही हेही नाही. थॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने १९३३ ते १९४३ या काळात योसेफावर चार खंडांची कादंबरी लिहिली आणि ही शांतता अनेक पानांनी भरून काढली. ती पाने सुंदर आहेत; तरीही मला मूळ लेखकाचे मौन श्रेष्ठ वाटते, कारण ते मौन फुकट जात नाही. पाच अध्यायांनंतर, मिसर देशात तीन दिवस अटकेत राहिल्यावर, एका भावाला ओलीस ठेवून पित्याकडे परतण्याची वेळ येते तेव्हा भाऊ आपसांत बोलू लागतात. आपण भावाच्या बाबतीत दोषी आहोत, तो काकुळतीने विनवीत होता, त्याच्या जिवाची तगमग आपण पाहिली आणि ऐकले नाही, असे ते म्हणतात (४२:२१). वाचकाला ही विनवणी येथे प्रथमच ऐकू येते. सदतिसाव्या अध्यायात ती का नव्हती? कारण तो अध्याय जणू भावांच्याच कानांनी सांगितला आहे. जेवताना त्यांनी जे ऐकले नाही ते आपल्यालाही ऐकविले गेले नाही. बावीस वर्षे दाबलेला आवाज ज्या क्षणी त्यांना ऐकू येतो, त्याच क्षणी तो आपल्याला ऐकू येतो. मूळ हिब्रूत योसेफाची ‘तगमग’ आणि भावांवर आलेले ‘संकट’ यांसाठी एकच शब्द आहे. आपल्या भाषांतरांत तो दोन ठिकाणी दोन शब्दांनी येतो आणि धागा तुटतो.

त्याच वाक्याला लागून रऊबेनाचे वाक्य येते, आणि येथे माझ्या मते प्रवचनकारांनी थांबावयास हवे. मी तुम्हांला मुलाविरुद्ध पाप करू नका असे सांगितले नव्हते काय, पण तुम्ही ऐकले नाही, असे तो म्हणतो (४२:२२). काही वर्षांपूर्वी मी वर्गातील विद्यार्थ्यांना ग्रंथ मिटून, रऊबेन खड्ड्यापाशी काय म्हणाला ते लिहावयास सांगितले होते. बहुतेकांनी हेच वाक्य लिहिले. म्हणजे रऊबेनाच्या आठवणीने त्यांच्याही आठवणीवर ताबा मिळविला होता. प्रत्यक्षात सदतिसाव्या अध्यायात रऊबेनाचे भाषण पूर्ण दिलेले आहे. त्याला आपण जिवे मारू नये, रक्त सांडू नका, त्याला या रानातल्या खड्ड्यात टाका, असा त्याचा आशय आहे. ‘पाप’ हा शब्द त्यात नाही. खड्ड्याची जागा मात्र त्यानेच दाखविली आहे. मुलाला मागाहून सोडवून पित्याकडे पोहोचविण्याचा त्याचा मनोदय होता, हे लेखक आपल्याला सांगतो. भावांना रऊबेनाने ते सांगितले नाही. मनात होते ते नंतर तोंडातून निघाल्यासारखे त्याला आठवते. हेतू चांगला होता, कृती अर्धवट होती, आणि बावीस वर्षांत हेतूने कृतीची जागा घेतली. हा दुष्टपणा नव्हे. सज्जन माणसाच्या स्मृतीचा हा ठरलेला व्यवहार आहे, आणि म्हणूनच तो अधिक भयावह आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. योसेफाची विनवणी जर आधी गाळली जाऊ शकते, तर रऊबेनाचा निषेधही आधी गाळला गेला असेल. मग एकाला खरे आणि दुसऱ्याला सजविलेले का म्हणावे? माझे उत्तर असे : योसेफाच्या बाबतीत लेखक पूर्ण गप्प आहे, रऊबेनाच्या बाबतीत तो बोलला आहे. मौन भरून काढणे वेगळे आणि नोंदविलेल्या शब्दांच्या जागी दुसरे शब्द येणे वेगळे. दुसरा आक्षेप स्रोतमीमांसेचा आहे. पंचग्रंथाचे विद्वान या कथेत दोन धागे पाहतात. एकात रऊबेन आणि मिद्यानी, दुसऱ्यात यहूदा आणि इश्माएली. विसंगती दिसली की दोन स्रोत, असे उत्तर आपणही सेमिनरीत घोकले आहे. ते अनेक ठिकाणी उपयोगी पडते. पण येथे ते लागू पडत नाही, कारण रक्त न सांडता खड्ड्यात टाकण्याची सूचना आणि बेचाळिसाव्या अध्यायातील आठवण ही दोन्ही बहुतेक अभ्यासक एकाच धाग्यात मोडतात. फरक दोन लेखकांचा नसून एकाच माणसाच्या दोन वयांचा आहे.

आता त्या असत्याकडे वळू. भावांनी आरंभी ठरविले होते की हिंस्र पशूने त्याला खाल्ले असे आपण सांगू. प्रत्यक्षात त्यांना ते सांगावेच लागले नाही. झगा पित्याकडे पोहोचविताना हे आम्हांला सापडले एवढेच ते म्हणतात, आणि तुमच्या मुलाचा आहे की नाही ते ओळखा, अशी विनंती करतात. पशू, फाडणे, मृत्यू हे सारे याकोब स्वतः बोलतो. असत्य उच्चारण्याचे काम ज्याला फसवायचे त्याच्याकडूनच करून घेतले गेले. याकोबाने तरुणपणी आपल्या आंधळ्या पित्याला बोकडाच्या कातड्याने आणि भावाच्या वस्त्रांनी फसविले होते. आता बोकडाच्या रक्ताने आणि मुलाच्या वस्त्राने तो फसतो. लेखक त्याला ते आठवल्याचे कोठेही म्हणत नाही. याकोबालाही सोयीचे विस्मरण होतेच.

भावांनी मात्र एक सुरक्षित शब्द शोधून काढला. मिसर देशात हेरगिरीचा आरोप आल्यावर ते सांगतात की आम्ही बारा भाऊ. धाकटा पित्यापाशी आहे, आणि एक नाही. हिब्रूत हा एकच शब्द आहे : एनेन्नू. हाच शब्द रिकामा खड्डा पाहून आलेल्या रऊबेनाच्या तोंडी प्रथम येतो, मुलगा नाही म्हणून. त्या क्षणी तो प्रामाणिक होता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. (यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीच्या शोकातही तोच शब्द एकवचनानेच येतो. राहेल ही योसेफाची आई, हे विसरू नये.) पुढे तोच शब्द आसरा झाला. ‘एक नाही’ हे विधान खोटे नाही. योसेफ घरी नाही हे खरेच. मेला असे म्हणावे तर खोटे, विकला असे म्हणावे तर कबुली. त्या दोहोंच्या मधे उभे राहण्यासाठी हा शब्द होता. बावीस वर्षे घरात, जेवणाच्या पंगतीत, बन्यामीनाच्या प्रश्नांना उत्तर देताना त्यांनी तो किती वेळा वापरला असेल, याची कल्पना करावी.

आणि मग शब्द हातचा निसटतो. भाऊ परत येऊन पित्याला हकिगत सांगतात, त्यातही ‘एक नाही’ येते. याकोब तो शब्द उचलतो आणि योसेफ नाही, शिमोन नाही, असे म्हणतो. दोनच वचनांनंतर, बन्यामीनाला पाठविण्यास नकार देताना, त्याच्या तोंडी पहिल्यांदा सरळ क्रियापद येते. याचा भाऊ मेला आहे, असे तो म्हणतो (४२:३८). पुढच्या फेरीत यहूदा मिसरच्या अधिपतीपुढे उभा राहतो आणि आपल्या कुटुंबाची कथा सांगताना म्हणतो की त्या धाकट्याचा भाऊ मेला आहे (४४:२०). ज्याने स्वतः विक्रीचा प्रस्ताव मांडला होता, ज्याच्या हातांत चांदी आली होती, तो हे बोलतो. आणि ज्याच्याविषयी बोलतो तो समोर बसलेला आहे.

मध्ययुगीन भाष्यकार राशी येथे म्हणतो की यहूदाने भीतीपोटी जाणूनबुजून खोटे सांगितले. जिवंत आहे म्हणावे तर त्यालाही घेऊन या अशी आज्ञा व्हायची. राशीविषयी पूर्ण आदर ठेवून मला हे पटत नाही. यहूदा त्या भाषणात कोठेही स्वतःला वाचवीत नाही. त्याच्या आदल्याच उत्तरात तो म्हणाला आहे की देवाला तुझ्या दासांचा अपराध सापडला आहे. प्याला चोरल्याच्या आरोपात तो निर्दोष आहे. तरीही तो अपराध कबूल करतो, म्हणजे मनात दुसराच अपराध आहे. आणि क्रियापद पाहा. झगा आम्हांला ‘सापडला’, असे पूर्वी म्हटले होते. आता देवाला अपराध ‘सापडला’. हिब्रूतही दोन्हीकडे एकच धातू आहे. असा माणूस चार वचनांनंतर पुन्हा हिशेबी खोटे बोलू लागेल, हे स्वभावाला धरून नाही. मला वाटते यहूदाच्या तोंडी पित्याचा शब्द आहे. मुलांनी पित्याच्या मनात पेरलेले असत्य पित्याच्या दुःखात वाढले आणि सत्याचे रूप घेऊन मुलांकडे परत आले. वडिलांनी रडत रडत सांगितलेली गोष्ट मुलगा खोटी कशी मानणार? पश्चात्ताप झालेल्या माणसाच्या तोंडातही खोट्याचा अवशेष राहतो, तो असा. कबुलीने स्मृती लगेच दुरुस्त होत नाही.

रॉबर्ट आल्टर यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या कथनकलेवरील ग्रंथात तामारेच्या अडतिसाव्या अध्यायाचे स्थान उलगडून दाखविले आहे. त्यांच्याही पूर्वी प्राचीन यहुदी मिद्राशकारांच्या ध्यानात आले होते की ‘कृपा करून ओळख’ हे झगा दाखवितानाचे शब्द तामार यहूदाची मुद्रा आणि काठी पाठविते तेव्हा जसेच्या तसे परत येतात. यहूदा आपल्या वस्तू ओळखतो आणि ही माझ्यापेक्षा न्यायी आहे अशी कबुली देतो. ओळखावयास लावून ज्याने पित्याला फसविले, त्याला ओळखूनच सत्य बोलावे लागते. मी या निरीक्षणात एवढीच भर घालीन की यहूदा स्वतःहून आठवत नाही. त्याला वस्तू दाखवावी लागते. भावांनाही तीन दिवसांची अटक लागली. प्यालेबरदाराला फारोचे स्वप्न लागले; तोवर दोन वर्षे तो योसेफाला विसरून होता, आणि आठवले तेव्हा त्याचे पहिले वाक्य आपल्या अपराधांची आज आठवण होते असे होते. या कथेत आठवण माणसाच्या इच्छेने येत नाही, बाहेरून येते. पेत्राच्या बाबतीत कोंबडा आरवला, तसे.

योसेफालाही यातून वगळता येत नाही. तुरुंगात तो प्यालेबरदाराला सांगतो की आपल्याला इब्र्यांच्या देशातून चोरून आणले. कोणी चोरले हे तो सांगत नाही. भावांचे नाव गळते. पहिल्या मुलाचे नाव तो मनश्शे ठेवतो, कारण देवाने त्याला पित्याच्या घराचा विसर पाडला. विसरल्याचे स्मारक म्हणून मुलाला हाक मारणारा माणूस किती विसरला असेल, हे वाचकाने ठरवावे.

येथे मला एक व्यक्तिगत गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ‘एक नाही’ या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही भाष्यातून कळलेला नाही. सेमिनरीत असताना ग्रंथालयातील एका दुर्मीळ पुस्तकावर माझ्या हातून शाई सांडली. मी ते गुपचूप फळीवर परत ठेवले. काही दिवसांनी संशय एका सहाध्यायावर आला, कारण नोंदवहीत माझ्या आधी त्याचे नाव होते. मी खोटे बोललो नाही. मला कोणी विचारलेच नाही. पुढे अनेक वर्षे मी ही गोष्ट ग्रंथपालांच्या विसरभोळेपणाचा किस्सा म्हणून हसत सांगत असे, आणि त्या किश्शात शाई ‘सांडली होती’; कोणी सांडली हे वाक्यातून गेले होते. एकदा तो सहाध्यायी, आता स्वतः एका धर्मग्रामाचा प्रमुख, त्याच पंगतीत बसलेला असताना मी तो किस्सा सांगितला. तो हसला नाही. त्याला त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाऊ दिले नव्हते, हे त्याने सांगितले तेव्हा मला आठवले. आठवले म्हणजे मला ते त्या वेळी ठाऊक होते. मी ते विसरलो नव्हतो. मी त्याला किश्शातून वगळले होते, आणि मग किस्साच माझी आठवण झाला होता.

कबुली ही या रोगावरची हमखास मात्रा आहे, असे मानण्याची आपल्या धर्मगुरूंना सवय असते. म्हणून कबुलीच्याच वाङ्मयातील एक प्रसंग पाहणे उपयोगी होईल. रूसो १७२८ साली तूरिन येथे एका सरदारघराण्याच्या विधवेकडे नोकर होता, वय सोळा. (ऑगस्टीनने नाशपाती चोरल्या तेही सोळाव्या वर्षीच, आणि योसेफ सतरा वर्षांचा. या वयाचे काहीतरी आहे.) मालकीण वारल्यावर घरातील वस्तूंची मोजदाद झाली. रूसोने एक जुनी रुपेरी-गुलाबी फीत चोरली होती. ती त्याच्यापाशी सापडली. त्याने मारियों नावाच्या स्वयंपाकीण मुलीचे नाव घेतले. मुलीने शांतपणे नाकारले. दोघांनाही कामावरून काढले. हा प्रसंग रूसोने कधीही कोणाला सांगितला नव्हता आणि त्याच्या ओझ्यातून सुटण्याची इच्छा ‘कन्फेशन्स’ लिहिण्यामागे होती, असे तो स्वतः म्हणतो. त्या ग्रंथाचा पहिला भाग त्याच्या मृत्यूनंतर १७८२ साली प्रसिद्ध झाला.

कबुली कठोर आहे, यात शंका नाही. मारियोंचे पुढे काय झाले असेल, चोरीचा डाग घेऊन तिला दुसरे काम कोण देईल, हे तो विचारतो. पण लगेच वळण येते. आपण तिचे नाव का घेतले? तर तिच्याविषयी मनात स्नेह होता, फीत तिलाच द्यायची होती, तीच डोळ्यांपुढे होती, म्हणून तिचे नाव तोंडी आले! वाचक क्षणभर गोंधळतो. फीत चोरण्यामागे प्रेम होते ही माहिती चोरीच्या दिवसाची आहे की चाळीस वर्षांच्या यातनेने ती पुरविली? आणि प्रसंगाच्या शेवटी पाहावे तर मारियों नाहीशी झालेली असते. उरतो तो रूसो आणि त्याला भोगावे लागलेले शल्य. रऊबेनाप्रमाणेच येथेही हेतूने कृतीची जागा घेतली आहे. फरक एवढाच की रऊबेनाला एक वाक्य पुरले, रूसोला गद्याचे सामर्थ्य होते.

रूसोचे मोठेपण हे की आयुष्याच्या शेवटी त्याने स्वतःच या जखमेवरील पट्टी उचलली. एकाकी पांथस्थाच्या चिंतनांतील चौथ्या फेरफटक्यात तो असत्याचाच विचार करतो, मारियोंकडे परत येतो, आणि मान्य करतो की ‘कन्फेशन्स’ आठवणीवरून लिहिताना जेथे आठवण अपुरी पडली तेथे आपण कल्पनेने भर घातली. मात्र ही भर निरुपद्रवी होती, आणि आपण आपल्या चांगल्या कृत्यांविषयीच अधिक मौन पाळले, असेही तो म्हणतो; आणि पुरावा म्हणून बालपणीच्या दोन उदार मौनांच्या गोष्टी सांगतो. खोटेपणाची तपासणी करावयास निघालेला लेखक शेवटी प्रशस्तिपत्र घेऊन घरी येतो. तरीही ऑगस्टीन आणि रूसो यांच्यातील भेद सांगताना आपण ऑगस्टीनला फार सहज विजयी करतो, असे मला वाटते. नाशपातींचा मालक कोण होता हे ऑगस्टीनही सांगत नाही. त्या फळबागेच्या धन्यावर त्याच्या ग्रंथात एकही ओळ नाही. योसेफाच्या भावांना निदान विनवणी आठवली.

याच प्रसंगाला एक विचित्र उपसंहार आहे. पॉल द मान या समीक्षकाने १९७९ साली रूसोच्या फितीवर एक तीक्ष्ण निबंध प्रसिद्ध केला. कबुली बोलता बोलता सबब कशी बनते, हे त्यात दाखविले आहे, आणि मी वर जे लिहिले त्यातील काही भाग त्या निबंधाच्या ऋणात आहे. द मान १९८३ साली वारला. १९८७ साली उघडकीस आले की दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील बेल्जममध्ये, त्याने सहकार्यवादी वृत्तपत्रांत लेख लिहिले होते, त्यांत एक यहुद्यांविरुद्ध होता, आणि अमेरिकेतील आपल्या विद्यार्थ्यांना त्याने याविषयी अवाक्षर सांगितले नव्हते. यामुळे त्याचा निबंध खोटा ठरत नाही. पण तो आता दुसऱ्याच उजेडात वाचावा लागतो.

अलीकडे मानसशास्त्रज्ञांनीही हा विषय हाती घेतला आहे. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दोन संशोधकांनी नऊ प्रयोगांच्या आधारे असे मांडले की माणसाला स्वतःची अप्रामाणिक कृत्ये काळाबरोबर इतर आठवणींपेक्षा अधिक धूसर आठवतात. आपल्या प्रवचनांत हे ‘शास्त्राने सिद्ध झाले’ म्हणून सांगण्याचा मोह होईल, तो आवरावा. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी कल्पित कृत्यांविषयीचा तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. शिवाय त्या दोन लेखकांपैकी एकीवर तिच्या इतर निबंधांतील आकडे बदलल्याचा आरोप झाला; तिने तो नाकारला, तरी २०२५ साली हार्वर्ड विद्यापीठाने तिचे कायमपद काढून घेतले. स्मृतीविषयीचा हा निबंध त्या वादग्रस्त निबंधांत नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. माझा मुद्दा निराळा आहे. उत्पत्तीचा लेखक अपराध धूसर होतो असे म्हणतच नाही. भावांना तगमग बावीस वर्षांनंतरही स्पष्ट आठवते. जे बदलते ते त्या प्रसंगातील स्वतःचे स्थान आणि त्याला दिलेला शब्द.

कथेचा शेवट आपल्या वाचनक्रमात विषम वर्षी सामान्यकाळाच्या चौदाव्या सप्ताहात, शनिवारी येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या मिस्सेला त्या सकाळी पाच-सहा वृद्ध स्त्रिया आणि एखादा सेवक असतो. तरीही त्या वाचनावर प्रवचन करावे. याकोब वारला आहे. भावांना भीती वाटते की आता योसेफ सूड घेईल. ते निरोप पाठवितात की तुझ्या पित्याने मरण्यापूर्वी आज्ञा केली होती, भावांना क्षमा कर. अशी आज्ञा याकोबाने दिल्याचे ग्रंथात कोठेही नाही. तालमूदमधील आचार्य येबामोथ या प्रकरणात हा प्रसंग शांततेसाठी शब्द बदलण्याची मुभा म्हणून उद्धृत करतात. असेलही. परंतु याहून मोठी शांतता दुसरीच आहे : भावांनी याकोबाला विक्रीची हकिगत सांगितली, असे एकही वचन नाही. योसेफ जिवंत आहे हे त्यांनी सांगितले. तो मिसरात कसा पोहोचला हे सांगितले की नाही, लेखक सांगत नाही. सांगितले नसेल, तर मरणाऱ्या पित्याने कोणत्या अपराधाची क्षमा मागावयास लावली? त्यांच्या निरोपातील याकोबाला सर्व ठाऊक आहे. खरा याकोब कदाचित ते न कळताच गेला. ज्याला सत्य सांगावयाचे राहून गेले, त्याच्याच तोंडी आता त्यांनी आपली कबुली घातली आहे. रक्ताने माखलेला झगा पाहून सुमारे एकोणचाळीस वर्षांपूर्वी पित्याने त्यांच्यासाठी असत्य उच्चारले होते. आता मेलेल्या पित्याकडून ते सत्य वदवून घेतात.

निरोप ऐकून योसेफ रडला, एवढेच लेखक लिहितो. तो का रडला याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. भावांनी आपल्यावर अजूनही विश्वास ठेवला नाही म्हणून, असे पुष्कळ म्हणतात. मी तो निरोप वाचतो तेव्हा मला वाटते, पित्याचे म्हणून आणलेले शब्द पित्याचे नाहीत हे त्याने ओळखले असावे.